आकिंचन्याच्या दिवशी माझी कॅडिलॅक



दशलक्षण पर्वाचा नववा दिवस, उत्तम आकिंचन्य. पूजा झाली, प्रवचन झालं, एकाशनाची जेवणं आटोपली आणि आम्ही चार-पाच जणी मंदिराच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत उभ्या होतो. तेवढ्यात एक वहिनी मला म्हणाल्या, "काय हो, इथे आकिंचन्य आणि घरी गॅरेजमध्ये कॅडिलॅक. जमतं कसं तुम्हाला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ऑगस्टमधला माझा एक फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीचा टप उघडा. फोटोत मी जरा जास्तच खूश दिसतेय, हे कबूल.

क्षमावाणीला त्या वहिनींनी आणि मी एकमेकींना हात जोडले. त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण प्रश्न मनात राहिला, आणि प्रश्न चांगला आहे. म्हणून आज भाजणी नाही, लोणचं नाही, गाडीबद्दल लिहिणार आहे. ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनीही थोडं थांबा, पुढे उंदीर आहेत आणि वाकळ आहे.

गंमत अशी की त्याच गाडीवरून काही आठवडे आधी मी अगदी उलटं ऐकलं होतं. आमच्या डेट्रॉइटकडे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ड्रीम क्रूझ म्हणतात. १९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली, आता पार पाँटियॅकपर्यंत रांग लागते. फुटपाथवर लोक घरच्या खुर्च्या मांडून बसतात, पंढरीच्या वाटेवर बसावं तसे. मी माझी गाडी एका पार्किंगमध्ये उभी केली होती. साठच्या दशकातल्या एका दणदणीत गाडीचा मालक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरेरे, अलांटे. ही पुढच्या चाकांवर चालते ना?" 'पुढच्या चाकांवर' हे त्याने अशा सुरात म्हटलं, जसं आपल्याकडे एखाद्या स्थळाबद्दल 'मुलगा चांगला आहे हो, पण' म्हणतात.

म्हणजे मंदिरात ही गाडी फार मोठी आणि रस्त्यावर फार भिकार. माझा मुलगा गाड्यांच्याच व्यवसायात आहे, तो तर सरळ म्हणतो, "आई, हौसच करायची होती तर एखादी धड गाडी तरी घ्यायचीस."

तर ही गाडी म्हणजे कॅडिलॅक अलांटे. दोनच माणसांची, उघड्या टपाची, १९९१ची, मरून रंगाची. जनरल मोटर्सने १९८७च्या मॉडेलपासून १९९३पर्यंत ती काढली. त्या काळी अमेरिकेतल्या श्रीमंतांना मर्सिडीजची एसएल हवी असायची, कॅडिलॅक आजोबांची गाडी झाली होती. ते गिऱ्हाईक परत आणायला कॅडिलॅकने इटलीतल्या पिनिनफारिनाला हाताशी धरलं. गाडीचं नावसुद्धा कॉम्प्युटरने काढलेल्या नावांच्या ढिगातून उचललेलं, त्याला अर्थ काही नाही.

आणि मग जे केलं ते ऐका. गाडीचा सांगाडा तुरीनजवळ सान जॉर्जो कानावेझे इथल्या कारखान्यात बनायचा, रंगवलेला, आतून सजवलेला. तिथून खास बदल केलेल्या बोइंग ७४७ विमानात एका वेळी ५६ सांगाडे भरून ते डेट्रॉइटला यायचे. इथे हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात खाली इंजिन, चाकं, स्प्रिंगा बसायच्या. जगातली सर्वांत लांब असेंब्ली लाईन म्हणून तिचं कौतुक व्हायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हिशेब घालणारी बाई म्हणून कपाळाला हात लावला. आमच्या सांगलीला हळद बाजारात न्यायला ट्रक परवडेना म्हणून शेतकरी बैलगाडी जुंपत, आणि हे लोक दरवाजे-बॉनेट विमानाने आणतात! किंमत चढली ५४,७०० डॉलरवर, १९८७ साली. एवढ्या पैशांत मिळायचं काय, तर ४.१ लिटरचं १७० हॉर्सपॉवरचं इंजिन, ज्याच्या घराण्याचं नाव आधीच खराब झालेलं. पुढच्या चाकांना ताकद, जे स्पोर्ट्स गाडीवाल्यांना चालत नाही. आणि कापडी टप हाताने उघडायचा, हाताने लावायचा. तो पावसात गळतो ही तक्रार पहिल्या वर्षीच गाजली. १९८९मध्ये इंजिन ४.५ लिटरचं, २०० हॉर्सपॉवरचं झालं, पण त्याच वर्षी मर्सिडीजने नवी एसएल आणली, तिचा टप बटण दाबलं की आपोआप उघडायचा. संपलंच.

शेवटच्या वर्षी, १९९३ला, नॉर्थस्टार नावाचं २९५ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि गाडी अखेर जशी हवी होती तशी झाली. तेव्हाच ती बंद केली. वर्षाला ६,००० विकायचं ठरलं होतं, पहिल्या वर्षी साडेतीन हजारही गेल्या नाहीत. सात वर्षांत मिळून एकवीस हजारांच्या आसपास. 'डॅलस' मालिकेतला जे. आर. यूइंग ती चालवायचा, तरीसुद्धा.

हे सगळं मी वकिलासारखं लपवत नाही, कारण त्यातलं काहीच खोटं नाही. पण आरोप तपासून बघा. गाडी महाग होती, हा आरोप आज कसा लागू होतो? मी ती ६,५०० डॉलरला घेतली. माझ्या मुलाच्या गाडीचं वर्षाचं हप्त्याचं गणित त्याच्या पुढे जातं. तिच्यात दम नाही, हा दुसरा आरोप. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला कुणाला मागे टाकायचं आहे? उलट पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर सहसा सहजी घसरत नाही. १९९०पासून तिला ट्रॅक्शन कंट्रोलही आला, पुढच्या चाकांच्या गाडीत तो तेव्हा नवलाईचा होता. टप हाताने लावावा लागतो. बरं, मग लावा हाताने. मला दीड मिनिट लागतं. बटणवाल्या टपाची मोटर बिघडली की काय खर्च येतो ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा.

आणि जे कुणी बोलत नाही ते मी बोलते, ती दिसायला सुरेख आहे. बाजूने बघा. एक सरळ रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाते, कुठे फुगवटा नाही, नखरा नाही. कापडी टप मागे एका पक्क्या झाकणाखाली पूर्ण नाहीसा होतो, वर गाठोडं राहत नाही. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांवर किती क्रोम, किती नक्षी, आणि मधे ही अशी, काठ नसलेल्या इरकलीसारखी. लोक हसतात ते गाडीला हसत नाहीत, गाडीच्या निकालाला हसतात. नापास झालेलं पोर पुढे कितीही चांगलं निघालं तरी त्याची ओळख 'तो नापास झालेला' अशीच करून देतात ना, तसं.

ती माझ्याकडे आली कशी, हे सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारी एक पोलिश वंशाच्या आजी राहायच्या. त्यांचे यजमान हॅमट्रॅमॅकच्या त्याच कारखान्यात इंजिन बसवायच्या लाईनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली, कारण नवी असताना ती घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते गेल्यावर गाडी सहा वर्षं ताडपत्रीखाली होती. आजी लहान घरात राहायला निघाल्या तेव्हा भंगारवाला येऊन किंमत करून गेला, सुट्या भागांसाठी. त्या संध्याकाळी आजी आमच्याकडे चहाला आल्या आणि बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं.

तो कारखाना जिथे उभा आहे तिथे पूर्वी वस्ती होती. पोलटाऊन म्हणायचे. १९८१मध्ये शहराने कायद्याचा आधार घेऊन ती सगळी जागा ताब्यात घेतली आणि कारखान्यासाठी कंपनीला दिली. चार हजारांवर माणसं उठली, तेराशेच्या आसपास घरं पाडली, शंभरावर दुकानं-धंदे गेले. चर्च पाडू नये म्हणून लोक २९ दिवस आत ठाण मांडून बसले होते, शेवटी पोलिसांनी बाहेर काढलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि २००४मध्ये त्याच न्यायालयाने तो विचार चुकीचा होता असं ठरवलं. तेवीस वर्षांनी! आजही कारखान्याच्या आवारात एक जुनी ज्यू दफनभूमी आहे, वर्षातून दोनदा उघडतात.

आजींचं माहेर त्या पाडलेल्या घरांत होतं. आणि चार वर्षांनी त्याच जागेवर त्यांच्या नवऱ्याला नोकरी लागली. त्यांनी सांगितलं, कितीतरी वर्षं त्या नवऱ्याला डबा द्यायला कारखान्याच्या फाटकापर्यंत जायच्या नाहीत, अलीकडच्या चौकात उभ्या राहायच्या. मग ही गाडी घरात आली. आधी त्यांना ती बघवेना. पुढे कधीतरी उन्हाळ्यात ते दोघं टप उघडून तळ्याच्या काठाने गेले आणि त्यांना वाटलं की आपल्या घराच्या जागेवरून निदान एक तरी वस्तू आपल्याकडे परत आली.

मी घरात कुणाला न विचारता दुसऱ्या दिवशी चेक दिला. आमचे हे म्हणाले, "तुला चालवता येते का ती?" एवढंच. आजींनी एकच अट घातली, हिचे तुकडे करून विकायचे नाहीत.

आता घरातली बाजू. जुनी गाडी पाळणं म्हणजे गाय पाळण्यासारखं आहे, दूध न देणारी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, मिठाने गाडी खालून कुजते. त्यामुळे ऑक्टोबरअखेर गाडी आत जाते ती एप्रिलमधल्या दोन-तीन मोठ्या पावसांनी रस्ते धुऊन निघाल्यावर बाहेर येते. आत ठेवली की उंदीर येतात. इथल्या गाडीवाल्यांकडे उंदरावरचे उपाय म्हणजे गोळी नाहीतर चाप. मला दोन्ही चालत नाहीत, हे सांगायला नकोच. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी सीटखाली संसार थाटला, चार पिल्लं. मी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून शेडमध्ये नेऊन ठेवली, आई मागोमाग आली की नाही मला कधी कळलं नाही. दोन रात्री झोप नव्हती. तेव्हापासून नियम केला की ती आत येऊच नयेत. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत स्टील वूलचे बोळे कोंबायचे (आणि वसंतात ते काढायचं विसरायचं नाही, स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून ठेवते), गॅरेजमध्ये धान्याचा, पक्ष्यांच्या दाण्यांचा कण ठेवायचा नाही, आणि चाकांभोवतीची फरशी आठवड्याला झाडायची. जिवंत पकडायचा पिंजरा आहे, पण गेली चार वर्षं रिकामाच आहे. हे ज्यांना गाडी नाही त्यांनाही कोठीच्या खोलीत उपयोगी पडेल.

पाणी गळतं का? एकदा गळलं. पण तेव्हा पक्क्या टपाची मागची कडी मीच नीट लावली नव्हती. तो अ‍ॅल्युमिनियमचा टप दोघांनी उचलून बसवावा लागतो, आणि आम्ही दोघं तेव्हा कशावरून तरी बोलत नव्हतो, इतकं सांगून पुरे.

कातड्याचं मात्र टाळता येत नाही. या गाडीच्या सीटा कातड्याच्या आहेत. मंदिरात पट्टा-पर्स बाहेर काढून ठेवणारी मी, कातड्यावर बसून कशी फिरते? पहिल्या वर्षी मी सीटा उसवून रेक्झिन घालायची चौकशी केली. त्या माणसाने सांगितलं, जुनं कातडं फेकून देऊ. ते 'फेकून देऊ' मला खटकलं. ज्या जनावराचं ते होतं ते तीस वर्षांपूर्वी गेलं. मी ते कचऱ्यात टाकलं म्हणजे त्याचं काय भलं होणार? आणि रेक्झिन म्हणजे तरी काय, नवं प्लास्टिकच. शेवटी मी सीटा तशाच ठेवल्या, वर आईच्या जुन्या साड्यांची वाकळ घातली. शिवण उसवली तिथे कातडं नाही लावलं, खादीचं ठिगळ लावलं. ज्या कपड्यांत पूजेला बसायचं ते कपडे घालून त्या गाडीत बसत नाही, मंदिराला ती गाडी नेत नाही. ही पळवाट आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला स्वतःलाच ते पूर्ण पटलेलं नाही, पण याहून बरा मार्ग नऊ वर्षांत सुचला नाही. कुणाला सुचला तर सांगा.

आणि किडे. जूनच्या शेवटी सेंट क्लेअर तळ्याच्या बाजूला मे-फ्लाय नावाच्या माशा ढगासारख्या उठतात, दिव्यांकडे झेपावतात. त्या दिवसांत तिकडे जात नाही, आणि एरवीही सूर्यास्तापूर्वी जेवण, सूर्यास्तापूर्वी गाडी आत. उघड्या गाडीत संध्याकाळी बसलं की किडा डोळ्यांत गेल्यावरच कळतं की बंद गाडीच्या काचेवर रोज किती जीव जातात. बंद गाडीत आपण वायपर फिरवतो आणि गाणं ऐकत राहतो.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. मूलाचारात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितलेत, त्यात शेत, घर, धन, धान्य यांच्याबरोबर 'यान' आणि 'शयनासन' हे शेजारी शेजारी येतात. वाहन आणि बसायची जागा. माझी गाडी दोन्हीत बसते! तेव्हा ती परिग्रह आहे, यात शंकाच नाही. पण त्या दिवशी मंदिराच्या पार्किंगमध्ये मी सहज नजर टाकली. साठ-सत्तर हजारांच्या नव्या उंच गाड्या ओळीने उभ्या होत्या, काही घरांच्या दोन-दोन. त्यांच्याबद्दल ताटं पुसताना कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांकडे असलेली वस्तू परिग्रहात धरत नाहीत, असं दिसतं. एकटीकडे असली की ती ऐषआराम होते. मी यंदा पर्वात घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या होत्या, परिमाण ठरवायचं तर आधी मोजायला हवं म्हणून. साड्या १९६ निघाल्या. त्यातल्या या वर्षी नेसलेल्या १४. डबे मोजायचं मी सोडून दिलं. पण फोटो काढून ग्रुपवर कुणी माझ्या कपाटाचा टाकला नाही.

इथे थांबले असते तर लेख छान झाला असता, मी जिंकले असते. पण आणखी एक सांगायचं राहिलंय.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मनाच्या गुंतण्यावरून केलेली आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. मला ते फार सोयीचं वाटायचं. वस्तू असू दे, मन मोकळं ठेवलं की झालं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा नातू गॅरेजमधून सायकल बाहेर काढत होता आणि हँडलने उजव्या दरवाज्यावर हातभर ओरखडा उठला. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकला. मी धावत गेले ते मुलाकडे नाही, दरवाज्याकडे. आणि मग त्या सात वर्षांच्या पोरावर मी अशी ओरडले की माझ्या लेकीने मला हाताला धरून आत नेलं. तो रडत नव्हता. भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या गुडघ्याला खरचटलं होतं, ते मला रात्री कळलं.

ज्यांना गाडी फार मोठी वाटते त्यांनी हे पाहिलेलं नाही. ज्यांना भिकार वाटते त्यांनीही नाही. ६,५०० डॉलरची गाडी, जिला जग हसतं, तिच्यासाठी मी हे केलं. तेव्हा स्वस्त आहे, जुनी आहे, शेजारणीची आठवण आहे, ही माझी सगळी उत्तरं त्या दिवशी गॅरेजमध्ये कुठे होती?

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी त्याला फोन केला आणि माफी मागितली. त्याने विचारलं, "आज्जी, गाडी अजून रागावलीय?" मी म्हटलं, "गाडी कधीच रागावली नव्हती रे, आज्जीच रागावली होती." ओरखडा मी दुरुस्त केला नाही. मुलगा म्हणतो त्याने गाडीची किंमत घटते. घटू दे.

मग विकून टाकावी का? मी महिनाभर खरोखर विचार केला, जाहिरातीचा मजकूरही लिहिला. पण विकली तर घेणारा बहुधा पार्टसाठी घेणार, आजींना दिलेला शब्द जाणार. आणि खरं सांगू, ती विकून मी साळसूद होईन असं मला वाटत नाही. त्या १९६ साड्यांतल्या एखादीवर चहा सांडला तर मी तशीच ओरडेन. ओरडण्याची जागा बदलेल, एवढंच.

म्हणून यंदा अनंत चतुर्दशीला मी जे लिहून ठेवलं ते असं. गाडी ही एकच, दुसरी जुनी गाडी कधी नाही. वर्षाला ७०० मैलांच्या वर नाही. चालू राहण्यापुरता खर्च, मिरवण्यासाठी नाही, म्हणजे नवा रंग नाही, चकाकी नाही. नफ्यासाठी विकायची नाही, तोडायला द्यायची नाही. आणि जो कुणी बसायला मागेल त्याला बसवायचं, पायात चिखल असला तरी. इथे जुन्या गाड्यांची वेगळी नंबरप्लेट मिळते, ती लावली की गाडी एरवी मेळावे, मिरवणुका अशा कारणांनाच काढायची, फक्त ऑगस्टचा महिनाभर कुठेही हिंडायची मुभा असते. यंदा ऑगस्टमध्ये नातू शेजारी बसला होता, वाकळीवर. साड्यांचे बारा महिन्यांचे काय नियम करायचे ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की लिहीन.

आणि वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर, पुढच्या ऑगस्टमध्ये एक रविवार मोकळा ठेवा. स्कार्फ मी देईन.

आता उठते. बाहेर मेपलची पानं पडायला लागली आहेत, गाडीत पेट्रोल भरून आणायचं आहे, बॅटरीला चार्जर लावायचा आहे, आणि स्टील वूल संपलंय.